एकाच भट्टीवरचं व्हेज : एका पार्सल पॉइंटचं प्रकरण

ऑर्डर अगदी नेहमीची होती. एक व्हेज फ्राइड राइस, एक व्हेज मंचुरियन ग्रेव्ही, एक पनीर बटर मसाला, एक दाल तडका आणि आठ बटर रोट्या. वार शनिवार. घरात माणसं पाच. त्यातली चार दर रविवारी याच दुकानातून चिकन हंडी मागवणारी. पाचव्या सासूबाई. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, बाहेरचं फारसं खात नाहीत, पण नातवंडांच्या हट्टापायी चमचाभर भात घेतात. त्या चमचाभर भातात पापुद्र्यासारखा पिवळट तुकडा निघाला. अंडं.

फोन आला तेव्हा काउंटरवर स्वतः मालक होते.

"दादा, व्हेज राइस सांगितला होता. यात अंडं आहे."

"ताई, चुकून झालं असेल. पूर्ण बिलाचे पैसे परत करतो, आत्ताच करतो."

"पैशांचं कोण बोलतंय? आमच्या सासूबाईंनी जन्मात अंड्याला हात लावला नाही. त्या ताटावरून उठून गेल्यात. त्यांना मी काय सांगू?"

मालकांकडे उत्तर नव्हतं. पैसे परत गेले आणि अ‍ॅपवर एक तारा पडला. त्या घरातून पुढे शनिवारची ऑर्डर तर बंद झालीच, रविवारची हंडीही बंद झाली. या प्रकरणातला खरा धंद्याचा मुद्दा हा दुसरा आहे. एका शाकाहारी माणसाचा विश्वास गेला आणि त्याच्यासोबत चार मांसाहारी गिऱ्हाइकं गेली.

(हे दुकान प्रातिनिधिक आहे. वाकड, बाणेर, हिंजवडी या पट्ट्यातल्या छोट्या व्हेज-नॉनव्हेज पार्सल पॉइंट्समध्ये सर्रास दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभं केलं आहे. कुठल्याही एका दुकानाचं हे वर्णन नाही.)

दुकान

मोठ्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. बसायची सोय नाही. बाहेर एक बाकडं आहे, त्यावर डिलिव्हरीची मुलं मोबाइल बघत बसलेली असतात. आत एका बाजूला तंदूर, मधे ग्रेव्हीच्या दोन शेगड्या, दुसऱ्या टोकाला चायनीजची मोठ्या ज्योतीची भट्टी आणि तिला लागून तळणीची कढई. पॅकिंगचं टेबल दाराजवळ. मालक मूळचे कऱ्हाडचे. तंदूर आणि ग्रेव्ही सांभाळणारा वस्ताद उत्तराखंडचा, चायनीजचा कारागीर नेपाळी, मदतीला दोन पोरं, पॅकिंगला एक.

मेनूकार्ड लांबलचक होतं आणि त्यातला निम्मा भाग शाकाहारी. पनीरचेच डझनभर प्रकार. ते सगळे मात्र तीनच पातेल्यांतून निघायचे: काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही, कांदा-टोमॅटोची पिवळी आणि मखनीची लाल. ज्या पातेल्यातून बटर चिकन, त्याच पातेल्यातून पनीर बटर मसाला. यात गैर काही नाही. छोट्या स्वयंपाकघराला पंधरा मिनिटांत पार्सल द्यायचं तर हाच मार्ग असतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: पातेलं सामाईक असेल तर त्यात पडलेली प्रत्येक गोष्टही सामाईक होते.

अंडं कुठून आलं

मालकांचा पहिला तर्क असा की एग राइसचा डबा व्हेजच्या पिशवीत गेला. पार्सलच्या धंद्यात ही चूक सर्वांत जास्त घडते, म्हणून तर्क चुकीचा नव्हता. पण डब्यात एग राइस नव्हताच. व्हेज राइस होता आणि त्यात अंड्याचा एकच तुकडा होता. म्हणजे घोटाळा पॅकिंगला झालेला नव्हता.

चायनीजची कढई दोन ऑर्डरींच्या मधे घासली जात नाही. कारागीर तिच्यात डावभर पाणी ओततो, काड्यांच्या ब्रशने गरकन फिरवतो, पाणी फेकतो, तेल घालतो आणि पुढची ऑर्डर टाकतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. कढई कोरडी तापलेली राहिली पाहिजे, नाहीतर भात चिकटतो आणि तो धुरकट वास येत नाही. त्याच्या कामाच्या दृष्टीने ही पद्धत बरोबर आहे. पण अंडं हे कढईला चिकटण्यात सगळ्यांत चिवट, आणि कडेला वर चढून बसलेला पापुद्रा एका फेरीत निघत नाही. आधीची ऑर्डर एग राइसची होती, नंतरची व्हेज राइसची. बस.

शोध इथे थांबला असता तर प्रकरण लिहिण्यासारखं झालं नसतं. मालकांनी बरी गोष्ट केली ती ही की एक शुक्रवार आणि एक रविवार, गर्दीच्या वेळी, स्वतः काउंटर सोडून आत उभे राहिले. कुणाला ओरडायचं नाही, फक्त बघायचं.

पळी, ब्रश आणि तेल

त्यांना जे दिसलं त्यातलं एकही कृत्य कुणी मुद्दाम करत नव्हतं.

वस्ताद बटर चिकन ढवळायचा आणि तीच पळी पांढऱ्या ग्रेव्हीच्या पातेल्यात बुडवून पुढच्या शाही पनीरसाठी ग्रेव्ही काढायचा. माझ्या मते सगळ्या दुकानातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच. कढईतला अंड्याचा तुकडा एका घराला त्रास देतो. पळी मात्र अख्खं पातेलं मांसाहारी करते, आणि त्यानंतर त्या संध्याकाळी गेलेला प्रत्येक 'व्हेज' डबा नावापुरताच व्हेज असतो. कुणाला दिसत नाही, चवीला कळत नाही, तक्रार येत नाही. तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी समजूत या धंद्यात फार आहे.

तंदूरपाशी बटरचा एक डबा आणि एक ब्रश. तंगडी कबाब सळईवर असतानाच त्याला बटर फासलं जायचं, मग तोच ब्रश रोटीवर. आठ बटर रोट्यांची ऑर्डर आठवा.

तळणीची कढई एकच. दुपारी तिच्यात मंचुरियनचे गोळे तळून ठेवायचे, संध्याकाळी लॉलीपॉप. सहानंतर व्हेज क्रिस्पीची ऑर्डर आली तर तीही त्याच तेलात. शिवाय कॉर्नफ्लोअर-मैद्याचं एकच पीठ भिजवलेलं असायचं आणि चिकनला चांगलं धरावं म्हणून त्यात अंडं फोडलेलं. दुपारच्या गोळ्यांना हे पीठ लागत नव्हतं, पण रात्री गोबी मंचुरियन आलं की कारागीर हात घालायचा तो याच पिठात. म्हणजे तिथे अंडं चुकून येत नव्हतं, रोजच्या पाककृतीतच होतं.

सूपचं पाणी हा आणखी एक प्रकार. व्हेज मनचाव सूपला साधं पाणी वापरायचं, असं ठरलेलं. रविवारी साधं पाणी उकळायला वेळ नसला की शेजारच्या पातेल्यातलं चिकनचं पाणी डावभर घातलं जायचं. "चव येते," हे कारागिराचं स्पष्टीकरण. तो खोटं बोलत नव्हता, चव येतेच.

सॉसच्या बाटल्यांत एक ऑयस्टर सॉसची होती, म्हणजे कालवांच्या अर्काची. ती एकाच चिकनच्या पदार्थाला लागायची, पण सोया सॉसच्या शेजारीच आणि तितकीच काळी. बाटलीवर तपकिरी खूण होती. घाईत बाटलीची खूण कोण बघतो?

पॅकिंगच्या टेबलावर सगळे डबे सारखे, झाकणावर काळ्या पेनने 'व्ही' किंवा 'एन'. वाफेने झाकण ओलं झालं की शाई पसरते.

शाकाहारी म्हणजे नेमकं कोण

शाकाहारी गिऱ्हाईक म्हटलं की मालकांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस यायचा, कधीच मांसाहार न करणारा. आपल्याकडचं चित्र तसं नाही, आणि महाराष्ट्रात तर नाहीच. इथे वार पाळणारा वर्ग प्रचंड आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, कुणाचा मंगळवार, शिवाय संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. हा माणूस त्या दिवशी शाकाहारी असतो आणि दुसऱ्या दिवशी मटण मागवतो. त्याला व्हेज-नॉनव्हेज दुकानाची अडचण नसते. एकाच तंदुरात रोटी आणि कबाब होतात हे त्याला ठाऊक असतं. ताटात अंडं-मांस येऊ नये एवढीच त्याची अपेक्षा असते.

जन्मभर शाकाहारी असलेल्याचा प्रश्न वेगळा. त्याला ब्रश आणि पळीचीही शिसारी येते. पण घरातली बाकीची मंडळी खाणारी असतील तर तो याच दुकानातून मागवतो, कारण दोन ठिकाणांहून ऑर्डर करून कोण बसणार. तिसरे जैन. त्यांना कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं चालत नाही आणि चातुर्मासात नियम आणखी कडक होतात. या दुकानात जैन पनीरची विनंती आली की पिवळ्या ग्रेव्हीऐवजी पांढरी द्यायची प्रथा होती. पांढऱ्या ग्रेव्हीत उकडलेला कांदा वाटलेला असायचा, हे काउंटरवरच्या मुलाला माहीतच नव्हतं. चौथा गट अंडं खाणारा पण मांस न खाणारा. तो मेनूत 'एग' कुठे लिहिलंय तेवढं बघतो आणि त्याचं समाधान सर्वांत सोपं.

मालकांनी या सगळ्यांना एकच आश्वासन दिलेलं होतं. मेनूवर हिरवा ठिपका. त्या ठिपक्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला आणि दुकानाने तो कधी सांगितलाच नाही.

कायदा कुठवर येतो

पॅकबंद मालावरची खूण सगळ्यांना माहीत आहे: हिरव्या चौकटीत हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी गोल होती. लेबलिंगच्या २०२० च्या नियमांनी तिचा त्रिकोण केला, म्हणजे रंग ओळखता न येणाऱ्यालाही फरक कळावा. अंडं या व्याख्येत मांसाहारी आहे, दूध आणि दुधाचे पदार्थ नाहीत. पदार्थ तयार करून विकणाऱ्या दुकानासाठी महत्त्वाचं आहे ते २०११ च्या परवाना नियमांचं चौथं परिशिष्ट. कच्चं आणि शिजलेलं, शाकाहारी आणि मांसाहारी वेगळं ठेवावं, ही अपेक्षा त्यात आहे. छोट्या दुकानात ती फ्रिजपर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. इथेही फ्रिज दोन होते आणि नीट लावलेले होते. तपासणीला येणाऱ्याला फ्रिज दिसतो, पळी दिसत नाही.

गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं, आणि अशी प्रकरणं तिथे गेलेली आहेत. २०२३ मध्ये जोधपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने शाकाहारी ऑर्डरऐवजी मांसाहारी पदार्थ पोचवल्याबद्दल एका डिलिव्हरी कंपनीला आणि रेस्टॉरंटला मिळून १ लाख रुपयांचा दंड केला होता. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पॅकबंद खाद्यपदार्थांबाबत म्हटलं होतं की घटकाचं प्रमाण कितीही कमी असो, तो प्राणिजन्य असेल तर खाणाऱ्याला ते कळलं पाहिजे. तो निकाल पार्सलच्या दुकानाबद्दल नव्हता, पण 'डावभरच तर घातलं' हे उत्तर का चालत नाही ते त्यातून नीट समजतं.

तीन वाटा

मालकांपुढे पहिला विचार आला तो दुकान शुद्ध शाकाहारी करण्याचा. मेहुण्यांनी सुचवला होता. तो लवकर बाद झाला. रविवारचा गल्ला हंडी आणि बिर्याणीवर चालत होता, वस्तादाचा हात तंदुरी चिकनवर बसलेला होता आणि त्याच रस्त्यावर जुनी, नावाजलेली शुद्ध शाकाहारी हॉटेलं होती. त्यांच्याशी पनीर बटर मसाल्यावर स्पर्धा करून काही हाती लागलं नसतं.

दुसरी वाट एका ओळखीच्याने सुचवली आणि ती मोहात पाडणारी होती. अ‍ॅपवर त्याच स्वयंपाकघराची आणखी एक नोंद काढायची, नाव हिरवंगार, सात्त्विक वाटेल असं, मेनूत फक्त व्हेज. गिऱ्हाइकाला वाटणार वेगळं हॉटेल आहे. एका स्वयंपाकघरातून चार-चार नावांनी धंदा करणं आता सर्रास चालतं आणि बिर्याणी एका नावाने, रोल दुसऱ्या नावाने विकण्यात मला काही वावगं वाटत नाही. पण मांसाहार शिजणाऱ्या भट्टीवरचं जेवण 'प्युअर व्हेज' म्हणून खपवणं ही सरळ फसवणूक आहे. अशा दुकानांची मुलं पिशवीवर दुसऱ्या नावाचं स्टिकर लावायला कधीतरी विसरतातच, आणि मग जे होतं ते एका ताऱ्यावर भागत नाही. मालकांनी ही वाट नाकारली. तत्त्वासाठी थोडी, धास्तीपोटी जास्त. दोन्ही कारणं चांगली आहेत.

याच विषयात मोठ्या कंपन्यांचाही पाय घसरलेला आहे. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी ऑर्डरींसाठी वेगळी हिरव्या गणवेशातली मुलं जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी तो हिरवा गणवेश मागे घेतला आणि सगळे लाल गणवेशातच राहतील असं सांगितलं. लाल गणवेशातला मुलगा म्हणजे पिशवीत मांसाहार, असं गृहीत धरून सोसायट्या त्यांना फाटकावर अडवतील, मागवणाऱ्या भाडेकरूंना घरमालकांचा जाच होईल, अशी टीका झाली होती. ती अस्थानी नव्हती. पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधताना 'नॉनव्हेज खाता का' हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शाकाहाऱ्याचं ताट सांभाळायचं आणि मांसाहाऱ्याला कमी लेखायचं नाही, हे दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. पार्सलच्या दुकानात ते करण्याची जागा भट्टीपाशी आहे, गणवेशात नाही.

उरली तिसरी वाट: स्वयंपाकघर तेच, पण आतलं काम वेगळं करायचं.

काय बदललं

पहिल्यांदा पळी. तिन्ही ग्रेव्हींच्या पातेल्यांत प्रत्येकी एक लांब दांड्याची पळी ठेवली आणि एकच नियम केला: पातेल्यातली पळी पातेल्यातच. तिने ग्रेव्ही काढून पॅनमध्ये ओतायची, पॅनमधलं कालवायला दुसरा डाव. खर्च जवळपास शून्य. पण वस्तादाची वीस वर्षांची सवय होती आणि त्याला हा नियम अपमानासारखा वाटला. "साहब, मैं गंदा काम नहीं करता," असं तो म्हणाला. मालकांनी त्याच्याशी स्वच्छतेबद्दल बोलणं सोडलं आणि आपल्या आईबद्दल बोलायला सुरुवात केली. आई पंढरीची वारी करते, आणि ती मुलाच्या दुकानातलं काही खात नाही. वस्तादाच्या गावी त्याची आईही नवरात्रात कांदा-लसूण वर्ज्य करते. हे बोलणं झाल्यावर पळी जागेवर राहू लागली. प्रशिक्षणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण स्वयंपाकघरातले नियम असेच टिकतात.

बटरचे डबे दोन झाले, ब्रश दोन, तेही तंदुराच्या दोन बाजूंना. तंदूर एकच राहिला आणि तो वेगळा आहे असा दावा कुणी केला नाही. रोट्या आतल्या भिंतीला लागतात, कबाबाच्या सळया मधे उभ्या असतात आणि रस खाली निखाऱ्यावर गळतो. वार पाळणाऱ्याला एवढं अंतर पुरतं. ज्याला पुरत नाही त्याच्यासाठी तव्यावरची चपाती मेनूत आली. ती काही महिन्यांतच इतकी चालली की तिच्यासाठी दुपारी एक मावशी ठेवाव्या लागल्या. तंदुरी रोटी फॉइलमध्ये वाफेने चिवट होते, चपाती मऊ राहते. विश्वासासाठी आणलेली वस्तू चवीवर चालली.

चायनीजला दुसरी कढई आली आणि तिला स्वतःची हुकं, स्वतःचा ब्रश, स्वतःचा डाव. दांड्याला हिरवी तार गुंडाळली, कारण रंग लावला तर जळतो. तळणीलाही छोटी दुसरी कढई. तिचा एक फायदा आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. लॉलीपॉपच्या पिठाचे कण तेलात पडून जळत राहतात आणि तेल लवकर काळं पडतं. व्हेजच्या कढईतलं तेल त्या मानाने जास्त टिकतं. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात जे पोलर घटक तयार होतात, त्यांच्यावर जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती ओलांडली की तेल फेकावंच लागतं. त्यामुळे दुसऱ्या कढईचा खर्च वाटला होता तेवढा अंगावर आला नाही. पिठातलं अंडं पूर्णच काढून टाकलं. लॉलीपॉप त्यावाचून काही वाईट झालं नाही. चिकनचं पाणी चायनीजच्या भट्टीपासून उचलून तंदुराच्या बाजूला नेलं, म्हणजे ते घालायचं तर चार पावलं चालून जावं लागेल. माणूस आळस करतो हे गृहीत धरून केलेला बदल, आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

पॅकिंगला पेन बंद. व्हेजच्या झाकणावर आडवी हिरवी चिकटपट्टी, डब्यापासून झाकणापर्यंत ओढलेली. एका ऑर्डरीत दोन्ही असतील तर दोन पिशव्या. गाठ मारताना केओटीशी, म्हणजे स्वयंपाकघरात आलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीशी, डबे मोजायचे आणि हे मोजणारा माणूस भरणाऱ्यापेक्षा वेगळा.

आणि शेवटी शब्द. अ‍ॅपवर आणि काउंटरवर चार ओळी लिहिल्या: 'आमच्याकडे व्हेज आणि नॉनव्हेज दोन्ही बनतं. व्हेजसाठी पळी, कढई, तळणीचं तेल आणि ब्रश वेगळे आहेत. तंदूर एकच आहे. जैन जेवण आम्ही बनवत नाही.' शेवटच्या वाक्याला काउंटरच्या मुलाचा विरोध होता, ऑर्डर का घालवायची म्हणून. पण तीनही ग्रेव्हींत कांदा असताना जैन पनीर विकण्यापेक्षा नाही म्हणणं बरं. या चार ओळी वाचून काही जणांनी मागवणं सोडलंही असेल. जे मागवतात ते नक्की काय मागवतोय हे जाणून मागवतात.

चिकन वजा पनीर

भांडी वेगळी झाली तरी एक दुखणं राहिलंच होतं. दुकानातलं बहुतेक व्हेज म्हणजे चिकनच्याच पदार्थातलं चिकन काढून त्यात पनीर टाकलेलं होतं. चिकन हंडी, पनीर हंडी. चिकन कोल्हापुरी, व्हेज कोल्हापुरी. चिकन शिजताना ग्रेव्हीला आपलं काहीतरी देतं. पनीर काहीच देत नाही, नुसतं बसून राहतं, आणि पार्सल गार झालं की घट्टही होतं. शाकाहारी माणूस अशा दुकानात नाइलाजाने खातो हे त्याला पहिल्या घासाला कळतं.

मालकांनी पनीरचे डझनभर प्रकार चारावर आणले आणि आपल्या गावाकडे बघितलं. कऱ्हाड-इस्लामपूर भागातल्या हायवेवरच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो. आख्खी डाळ कांदा-लसणीच्या मसाल्यात मुरवलेली, वर तर्री. तो पार्सलसाठीच जन्मल्यासारखा आहे. अर्ध्या तासाने उघडला तर आणखी मुरलेला असतो, सांडत नाही, दुसऱ्या दिवशी डब्यातही चालतो. त्याला ग्रेव्हीचं पातेलं लागत नाही, म्हणून पळीचा प्रश्नच येत नाही. त्याच्या जोडीला खानदेशी शेवभाजी आली, शेव वेगळ्या पुडीत, खाताना घालायची. आणि दाल खिचडी, जी रात्री उशिरा ऑफिसातून येणारे मागवतात. वस्तादाने मसूर पहिल्यांदा दाल मखनीसारखा केला, क्रीम घालून. तो परत पाठवला गेला.

खाणाऱ्यांच्या बाबतीत एक गंमत झाली. अख्खा मसूर मागवणाऱ्यांत नेहमीचे चिकनवालेच पुष्कळ निघाले.

श्रावण दोनदा येतो

मालकांना दरवर्षी कोडं पडायचं की गटारी यायच्या आधीच, आषाढातच, काही घरांची चिकनची ऑर्डर कशी थांबते. कारण पंचांगात आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून उत्तर भारतीयांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो आणि पंधरवडाभर आधी संपतो. हिंजवडीच्या पट्ट्यात दोन्हीकडची माणसं शेजारी राहतात. त्यामुळे व्हेजची मागणी इथे दोन टप्प्यांत चढते आणि दोन टप्प्यांत उतरते. गुरुपौर्णिमा झाली की उत्तरेकडच्या घरांचं दाल-पनीर वाढतं. आपली मंडळी मात्र त्याच पंधरवड्यात गटारीच्या तयारीत असतात, आणि गटारीच्या रात्री दुकानात उभं राहायला जागा नसते. एकाच आठवड्यात सर्वांत जास्त चिकन आणि वाढतं व्हेज दोन्ही एका भट्टीवर येतात. सगळे नियम मोडायचा धोका सर्वांत जास्त तेव्हाच.

पुढच्या वर्षी त्यांनी हे आधीच धरलं. त्या पंधरवड्यात पीठ, मसूर, डाळ दुपारीच जास्त करून ठेवली आणि चिकनची खरेदी रोजच्या रोज, लहान केली.

अजून न सुटलेलं

ते कुटुंब परत आलं नाही. मालकांनी एकदा फोन केला, चिडचिड झाली नाही, पण ऑर्डरही आली नाही.

रविवारी रात्री आठ ते दहा या वेळेत व्हेजच्या तळणीच्या कढईत लॉलीपॉप पडलेलं मालकांनी पुन्हा दोनदा पकडलं. एक कढई रिकामी आणि दुसरीसमोर रांग असली की कारागिराचा हात रिकाम्या कढईकडे जाणारच. ओरडून उपयोग नव्हता. तिसरी कढई ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी रविवारी रात्री त्या दोन तासांपुरतं तळणीचं सगळं व्हेज अ‍ॅपवर बंद करायला सुरुवात केली: मंचुरियन, क्रिस्पी, गोबी. दर रविवारी थोड्या ऑर्डरी हातच्या जातात. काउंटरवर कुणी विचारलंच तर मुलगा सांगतो, "दहानंतर या, किंवा मसूर घ्या."